कार्डावरचे बावन्न किलो

सिस्टर : दंड सैल सोडा, पुन्हा मोजते. काटा म्हणतो बावन्न किलो, पट्टी म्हणते एकोणीस सेंटिमीटर. दोघांपैकी कुणीतरी थापा मारतंय.

दुकानदार : आमच्या घराण्यातच दंड बारीक, सिस्टर.

सिस्टर : पाच महिने कार्डावर बावन्नच. एचआयव्हीच्या गोळ्या घेणारा इतका ठाम माणूस मी या केंद्रात पाहिला नाही. खिसे रिकामे करा.

दुकानदार : नुसता रुमाल आहे.

सिस्टर : रुमाल खणखणतो?

दुकानदार : ...हे घ्या. दोन किलोचं एक, किलोची दोन.

सिस्टर : अहो, ही तर दुकानातली वजनं! मग आज गिऱ्हाइकांना कशानं तोलून देताय?

दुकानदार : आज दुकान बंद. गिऱ्हाइकाला कधी फसवत नाही मी.

सिस्टर : चढा परत काट्यावर. अठ्ठेचाळीस. पाच महिन्यांत चार किलो उतरलात, आणि आम्ही आपले ‘छान, छान’ म्हणत गोळ्या देतोय. खोकला?

दुकानदार : आहे थोडा. हळू बोला ना, बाहेर बाकावर आई आहे.

सिस्टर : थोडा म्हणजे किती दिवस?

दुकानदार : दोन-अडीच महिने. आज बावन्नच लिहा, सिस्टर. पाया पडतो. तिला अक्षरं येत नाहीत, पण आकडे येतात. मागे एकदा एक किलो कमी भरलो, तर महिनाभर तिची भूकच गेली. तिच्या ताटातलं सगळं माझ्या ताटात. विचारलं की म्हणायची, आधीच जेवले. बावन्न दिसलं की दोन घास नीट खाते.

सिस्टर : आणि मी बावन्न लिहिलं, तर टीबीसाठी थुंकी तपासायला कोण पाठवणार तुम्हाला? आधीच उशीर झालाय. ही तपासणी दोन महिन्यांपूर्वीच व्हायला हवी होती.

आई : लिहा तुम्ही, सिस्टर. खरं असेल ते लिहा.

दुकानदार : आई, तू बाहेर बस.

आई : तो लोखंडाचा आवाज ओळखत नाही होय मी? तुझ्या बापापासून ऐकतेय. किती भरलं?

सिस्टर : अठ्ठेचाळीस.

आई : सदरा सैल दिसायचा. मी म्हटलं, धुवून धुवून ताणला असेल. पाच महिने पोटभर जेवले मी. परवा तर मागून घेतलं.

दुकानदार : म्हणूनच तर, आई...

आई : तू गप्प बस. सिस्टर, आता काय करायचं?

सिस्टर : आज थुंकी द्यायची, छातीचा फोटो काढायचा. आणि वजन इतकं कमी असलं की इथून खाण्याची पाकिटं मिळतात. दिवसाला दोन, औषध समजून. ती फक्त यांनीच खायची. घरात वाटून नाही.

आई : तुम्ही सांगाल, तो ‘हो’ म्हणेल, आणि घरी माझ्याच ताटात वाढेल. चवीला कसं असतं ते?

सिस्टर : गोड.

आई : गोड? ...कडू नसतं का एखादं?