बाळकूच्या गुळाची गोळी

टण्!

पितळी वाटीवर पाकाची गोळी वाजली, मंडळी, आणि श्वास रोखून बसलेलं गुऱ्हाळ पुन्हा बोलायला लागलं. गोळी वाजली म्हणजे गूळ झाला. वाजवायची तानू, आणि तिनं मान हलवली की उकळत्या रसाची काहील उतरवायचा तिचा नवरा बाळकू. दरसाल असंच.

आता मला सांगा – हा बाळकू बायकोच्या मुठीत होता का? हसू नका, ऐका.

यंदा गावदेवीचा उत्सव दुसऱ्या दिवसावर आलेला. पहिली ढेप देवीला, त्याच गुळाची पोळी सगळ्या गावाला. काहील उकळतेय, भोवती आठ मित्र उसाचा रस पीत बसलेत. त्यातला नाना म्हणतो, "बाळकू, गुळव्या तू का वहिनी? मिशा तरी कशाला राखल्यास?"

आठही जण हसले. बाळकूचे कान तापले.

तानूनं थोडा पाक पाण्यात टाकून वळलेली गोळी वाटीवर मारली. आवाज नाही. "अवं, थांबा जरा. अजून मऊ हाय."

बाळकूनं आधी कुणाकडं बघितलं? गुळाकडं नाही, तानूकडं नाही – नानाकडं! आणि म्हणाला, "मला कळतंय. उतरा रं काहील."

सकाळी गुरव ताट घेऊन दारात. ढेपेवरचं फडकं सोडलं, तर ढेप हळूहळू पसरत बसली. गुरव म्हणाला, "बाळकू, देवीला हे वाडग्यातनं नेऊ व्हय?"

आणि नाना काय म्हणाला असेल? "वहिनीला विचारायचं न्हाईस का, येड्या?"

बाळकूनं दुसरी काहील चढवली. नाना समोरच होता. त्याच्यादेखत वाटी तानूपुढं धरली, "वाजव."

"आज तुम्हीच वाजवा," ती म्हणाली, "मी ऐकते."

बोटं भाजली, दोनदा गोळी फुसकी निघाली. तिसऱ्यांदा – टण्! दुपारी ढेप देवीपुढं गेली.

तर मंडळी, ज्याला विचारता त्याच्या मुठीत नसता तुम्ही. ज्याच्या हसण्याला भिता, त्याच्या मुठीत असता. सांगा बरं, तुम्ही कुणाच्या हसण्याला भिता?

पहिल्या रांगेत माझी पाच वर्षांची लेक उभी राहिली.

"आई, लोक हसतील म्हणून तू निळी साडी बदललीस ना? ते लोक यांच्यातले कुठले?"