पहिला मांडा

कमलबाई : आनि हाई गुलाबी साडी नेसीसन मन्हा दारमा कसाले वनी? आठे कोनी फोटो काढनार शे का?

रूपा : बचत गटाची साडी आहे, जीजी. शहाद्याला बैठक होती, तिथूनच सरळ तुमच्याकडे आले.

कमलबाई : शहादाले बैठक, नंदुरबारले बैठक. जेठानी शे मी तुन्ही. तू या घरमा वनी तवय तुले चुल्हा पेटाडता येत नव्हता. आते सरपंचनी बायको बी तुले 'रूपाताई' म्हनस.

रूपा : त्याचा राग येतो तुम्हाला?

कमलबाई : राग नही. जयस मी. तोंडवर सांगस.

रूपा : इतकं जळता माझ्यावर?

कमलबाई : जयसू नही तं काय करसू? चुल्हावरना उलटा खापरवर पुरनना मांडा टाकाले तुले कोनी शिकाडं? तू हातवर फिरावाले गई का तो कोपरवर जाईसन फाटे. मी तुन्हा मांगे उभी राहीसन तुन्हा हात धरू. आते लगीनघरवाला तुन्हा गटले बोलावतस, आनि मी कापूस येचाले जास.

रूपा : मी तुम्हाला गटात बोलावलं होतं.

कमलबाई : बोलावं व्हतं. मांगे बसीसन पुरन वाटाले.

रूपा : जीजी…

कमलबाई : बन्सीलालभाऊनी पोरनं लगीन व्हतं. त्यासनी माय बोलनी, खापरले सवाष्णीसनाच हात लागाले जोयजे, विधवाना नको. तू तठेच उभी व्हती. मी तुन्हा तोंडकडे देखी ऱ्हायनू. तू काय बोलनी?

रूपा : काहीच नाही बोलले.

कमलबाई : उलट पयला मांडा तूच टाकी दिधा. नवरा मरना मन्हा. हात नही मरनात.

रूपा : गटाचं पहिलंच काम होतं ते. हातचं गेलं असतं तर गटातली कालीबाई पोरांना घेऊन पुन्हा गुजरातला ऊसतोडीला गेली असती. मला भीती वाटली.

कमलबाई : भीती? तुले मज्या वाटनी. मी देखं.

रूपा : थोडी वाटली. लग्न होऊन आले तेव्हापासून ऐकतेय, कमलबाईसारखा पातळ मांडा नाही, कमलबाईचा हात वेगळाच. त्या दिवशी पहिल्यांदा कोणी तुमचं नाव काढलं नाही.

कमलबाई : म्हंजे तू बी मन्हावर जयस?

रूपा : आले तेव्हापासून.

कमलबाई : बरं वाटनं ऐकीसन.

(कमलबाई ओट्यावर सरकून तिला बसायला जागा करते.)

कमलबाई : बस आते. काम काय शे ते सांग.

रूपा : नवनीतभाऊंकडे लग्न आहे. मांडे आपल्या गटाचेच हवे होते त्यांना. पण आमचे फार फाटतात, जीजी.

कमलबाई : फाटतीनच. तुम्ही कनीक तिंबीसन लगेच हातवर लेतस. तिले तेल लाईसन झाकी ठेवा लागस. पार नरम पडू देवा लागस. मी मुद्दाम सांगं नही.

रूपा : तुम्ही काहीतरी राखून ठेवलंय, हे कळत होतं मला.

कमलबाई : तेवढंच तं मन्हापाशी ऱ्हायनं व्हतं.

रूपा : मी नवनीतभाऊंच्या आईला सांगून आले. गट येईल, पण खापरावर पहिला मांडा जीजी टाकतील.

कमलबाई : काय बोलनी ती?

रूपा : म्हणाली, मग आम्ही दुसरीकडे बघतो.

कमलबाई : आनि तू?

रूपा : मी म्हटलं, बघा.

कमलबाई : येडी शे का तू? हातनं काम घालाडं. बाकीन्या बाया तुले सोडतीन का?

रूपा : गटातली दगूबाई सोबत होती, माझ्याआधी तीच 'बघा' म्हणाली. तीही विधवाच आहे. तिलाही मी मागेच बसवलं होतं.

कमलबाई : दगूबाई बोलनी? ती तं कोनापुढे तोंड उघाडत नही.

रूपा : त्या दिवशी उघडलं.

कमलबाई : मंग काम तं गयं. आते मन्हाकडे कसाले वनी?

रूपा : सारंगखेड्याच्या घोड्यांच्या यात्रेत आपणच चूल मांडायची ठरवलंय. घोडे बघून दमलेला माणूस मांडा बघेल, टाकणारीचं कपाळ नाही बघणार. तुम्ही या. खापरही तुमचंच हवंय.

कमलबाई : पाटीवर नाव कोनं लागी?

रूपा : गटाचं.

कमलबाई : म्हंजे तुन्हंच.

रूपा : तसं म्हणा हवं तर.

कमलबाई : आनि हाई साडी लई भडक शे. बाईमानूसले शोभस नही.

रूपा : मग तुमच्यासाठी घेतलेली परत देऊन टाकू?

कमलबाई : मी आसं म्हनं का?

रूपा : नाही म्हटलं.

कमलबाई : खापर तठे वर शे, चारामांगे ठेयेल. संभाळीसन उतार. आनि ऐक. यात्रामा मी पयला मांडा टाकसू तवय मन्हा बाजूले उभी नको ऱ्हाऊ.

रूपा : मग कुठे थांबू?

कमलबाई : मांगे. पुरन वाट.

रूपा : वाटसू, जीजी.