ढगावर चालायचं होतं

महादूला घेऊन पिक्चरला कधी जाऊ नका. तो चिपळूणचा, माझ्यासारखाच दुबईत टॉवरला परांची बांधणारा. सुट्टीच्या दिवशी आम्ही चिनी पिक्चरला गेलो, राजेमहाराजांच्या काळातली मारामारी आणि धमाल कॉमेडी. त्यात एक म्हातारा गुरू काखेत कोंबडी धरून देवळाच्या शिखरावरून उडी टाकतो आणि चक्क ढगांवरून चालत जातो. सगळं थिएटर डोळे फाडून बघतंय. तेवढ्यात महादू उठून ओरडला, "ए म्हाताऱ्या, सेफ्टी बेल्टचा हुक लाव आधी!"

आजूबाजूचे आपले मराठी लोक हसून लोळले. मी म्हटलं, "खलास! तुझ्याबरोबर परत येणार नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी चाळिसाव्या मजल्यावर चढलो, तर खाली दुबईच नव्हती. नुसतं पांढरंशुभ्र धुकं, आणि त्यातून वर आलेली दोन-चार टॉवरची टोकं. मला तो म्हातारा आठवला. वाटलं, पाय टाकला तर हे धुकं आपल्यालाही झेलेल. खरं सांगतो, एक पाय फळीबाहेर गेलासुद्धा.

मागून महादूचा आवाज आला, अगदी हळू. "जा, खुशाल चालून ये. तुझा हुक मी मघाशीच लावलाय."