माश्या गरीब आहेत हो!

नाही, हसा तुम्ही, खुशाल हसा! हे नाक असं नव्हतं हो, परवापर्यंत बऱ्यापैकी सरळ होतं, लग्नाच्या फोटोत आहे, दाखवीन... आणि हा डावा डोळा, तो उघडाच आहे, तुम्हाला मिटलेला दिसतोय एवढंच! आणि हे कोणामुळे? तर गरीब माश्यांमुळे! मधमाश्यांची पेटी देताना तो पेटीवाला, तुम्हाला सांगतो, टोपी मागे सारून म्हणाला होता, "घरात लहान मूल आहे ना? मग हीच न्या. माश्या अगदी गरीब आहेत हो!"

गरीब!

आता खूळ माझंच, कबूल. दिवसभर ऑफिसात बोलणी खायची, तर घरी आपलं म्हणून काहीतरी शांतपणे गुणगुणणारं असावं, एवढीच इच्छा! पण बायकोने पेटी उतरवायच्या आधीच सांगितलं, "पोरीला एक जरी डंख बसला, तर पेटी त्याच दिवशी परत. आणि रडायचं नाही!" हे शेवटचं मला होतं, पोरीला नव्हे.

मग मी काय कमी केलं? पेटीचं तोंड कुंपणाकडे, झोपाळ्याकडे पाठ, समोर उंच वेल चढवला, म्हणजे माश्या बाहेर पडल्या की सरळ डोक्यांवरून जातील. पोरीला पाठ करून घेतलं, पेटीच्या दारासमोर उभं राहायचं नाही, पळायचं नाही, हात झटकायचे नाहीत, अंगावर बसली तर पुतळा व्हायचं! सासूबाईंना म्हटलं, ती काळी लोकरीची शाल बागेत नको, माश्यांना काळं, केसाळ दिसलं की अस्वल आलंसं वाटतं. त्या म्हणाल्या, "म्हणजे मी अस्वल दिसते?" आठवडाभर त्या शालीची घडी मीच घालत होतो!

आणि एवढं करून माश्या चावल्या कुणाला? मला! फक्त मला! पोर शेजारी खेळतेय, काही नाही. सासूबाई पेटीला टेकायच्या बाकी, काही नाही. मी नुसता पायरी उतरलो की कानावर एक, मानेवर एक... आणि सासूबाई वरून, "आम्हाला नाही बाई काही करत. गरीब आहेत बिचाऱ्या!"

म्हटलं, ओळख कमी पडतेय. नवीन बिऱ्हाड आहे, परका माणूस दिसतो, बुजत असतील! म्हणून रोज सकाळी स्टूल घेऊन पेटीपाशी बसायला लागलो. नाश्ता तिथेच. हातात केळं, तोंडात केळं, आणि वर गप्पा, "काय मंडळी, झोप झाली का?" जेवढा जास्त चावा, तेवढं जास्त वेळ बसायचं! माया अशीच लागते ना हो?

परवा स्टूल घेऊन निघालो आणि बघतो तर काय, पोर पेटीजवळ उकिडवी, तळहातावर माशी! आमची ही खिडकीत! धावलो, केळ्यासकट, "हलू नकोस! हलू नकोस!" ओरडत, आणि स्वतः मात्र दोन्ही हात असे गरागरा फिरवत... अख्खी पेटी उठली हो माझ्यावर! पोर तिथूनच ओरडतेय, "बाबा, पुतळा! पुतळा व्हा!" कसला पुतळा! मी थेट न्हाणीघरात, बादली डोक्यावर!

पोरीला एकही डंख नाही. पण हिने फोन लावलाच, "या आणि पेटी घेऊन जा." खरं सांगतो, डोळ्यांतून पाणी आलं ते डंखाचं नव्हतं.

पेटीवाला आला. जरासा धूर दाखवला, उघड्या हातांनी पोळ्याच्या चौकटी वर काढल्या, माश्या आपल्या कामात! म्हणाला, "माश्या गरीबच आहेत हो." मग माझ्याजवळ आला आणि मला हुंगलं. मला! "साहेब, केळं खाल्लंत?"

"रोज खातो. यांच्यासोबतच."

त्याने कपाळाला हात लावला. "अहो, माशी डंख मारताना एक वास सोडते. धावा, शत्रू आलाय, असा सांगावा असतो तो. अगदी केळ्यासारखा वास! तुम्ही रोज सकाळी त्यांच्या दारात बसून हाळी देताय!"

सासूबाई एवढ्या हसल्या, एवढ्या हसल्या, की शाल खाली पडली.

मग हिने निकाल दिला. पोरीला डंख नाही, तेव्हा पेटी राहील. पण तुमचा हा रोजचा धिंगाणा बंद, तुम्ही घरातच बसायचं. केळं सोडतो म्हटलं, तर म्हणते, "ते सोडाल हो, पण हात फिरवायचे कसे सोडाल?" आता पोर पेटीवाल्याकडून चौकटी बघायला शिकते, सासूबाई शेजारी विणत बसतात, आणि मी स्वयंपाकघरात, खिडकीच्या जाळीला नाक लावून... हे नाक! पोर बाहेरून हात करते, "बाबा, घाबरू नका हं! माश्या गरीब आहेत!"

बरोबरच आहे म्हणा बायकोचं. घरात लहान मूल असलं की तापट प्राणी अंगणात मोकळा सोडू नये.