नवरंगाचं उत्तर

मलेशियातल्या कुआला गुलाच्या दवाखान्यात रांगेत माझ्या पुढे एक म्हातारा नावाडी आणि त्याची बायको होती.

"दारुसकाका, मी मागे उभी राहून घंटी वाजवते. ऐकू आली की हात वर करा," नर्स त्याच्या तोंडासमोर येऊन मोठ्यानं म्हणाली.

"चाळीस वर्षं खारफुटीतल्या नवरंग पक्ष्याला शीळ घालून बोलावतोय मी. माझे कान काय तपासतेस?"

"होडीतून पाहुणे न्यायचा परवाना नवा करायचाय ना?"

"बरं, वाजव."

"दहापैकी दहा वेळा हात वर. पण काकू, तुम्ही त्यांची बाही का ओढताय?"

"सवय गं. नवरंगानं उत्तर दिलं की ओढतेच मी."

"बाही सोडा. पुन्हा घेऊ."

नर्सनं घंटी वाजवली. मग अजून जोरात वाजवली.

"वाजव की आता. किती वेळ बसवून ठेवतेस?"