बाईंचं नको

माझं नाव सुनंदा, जन्म कळव्याचा, वर डोंगराला चिकटून चाळी आहेत ना, तिथला. वडील कंपनीत हेल्पर, आई चार घरची धुणीभांडी करायची. आम्ही बौद्ध, घरात शिक्षणाला मान होता, पण मी दहावीला गणितात उडाली ती उडालीच. मग लग्न, मग मुलगी, मग नवरा काविळीने गेला. मुलगी पाच वर्षांची होती तेव्हा मी पेशंट सांभाळायच्या कामाला लागली. पहिल्याच दिवशी एका आजोबांना साफ करताना मला उमासे आले, तर आजोबाच बोलले, अगं, मलापण लाज वाटतेय, दोघं मिळून उरकून टाकू. तेव्हापासून कधी घाण वाटली नाही, खोटं कशाला सांगू.

मग डोंबिवलीला मानपाड्याच्या वृद्धाश्रमात लागली. वीस-बावीस म्हातारी माणसं, आम्ही पाच मावश्या आणि वर मॅडम. मॅडम स्वभावाला बऱ्या, फक्त पंखा फुल केला की ओरडायच्या.

तिथे आमच्या बाई होत्या. ठाण्याच्या शाळेत हेडमास्तरीण होत्या, जन्मभर बोलायचंच काम केलं, आणि काय सांगू तुम्हाला, झटका आला तो उजवी बाजू घेऊन गेला आणि बोलणंपण घेऊन गेला. एकच शब्द तोंडात राहिला, नको. डॉक्टर बोलले, असं होतं कधी कधी, डोक्यात सगळं असतं पण तोंडातून एकच शब्द निघतो. चहा देऊ, नको, आणि तोंड आधीच उघडलेलं. खिडकी उघडू, नको, आणि मान खिडकीकडे. आम्ही त्यांना लाडाने नकोबाई बोलायचो, त्यापण हसायच्या, आणि हसताना परत नको.

पण खरा नको वेगळा होता हां. खरा नको असला की ओठ घट्ट मिटून घ्यायच्या, डावीकडचा कोपरा खाली जायचा. हे मला दोन-तीन महिन्यांनी कळलं, आणि मग काय, मी म्हणजे त्यांची वाचाच झाली. त्यांचा मुलगा अजितदादा नाशिकला, रोज व्हिडिओ कॉल करायचा. आई, जेवलीस का, नको. तो विचारायचा, मावशी, काय म्हणतेय, मी सांगायची, जेवल्या, भेंडी आवडली. तो हसायचा. डॉक्टरपण मलाच विचारायचे. मला त्याचा माज होता थोडा, आता कबूल करते.

मग ते कोरोनाचं आलं. मॅडम बोलल्या, ज्यांना राहायचंय त्यांनी आतच राहा, घरी जाऊन-येऊन चालणार नाही. मी राहिली. मुलगी कळव्याला माझ्या आईकडे, रोज फोनवर रडायची, मी इकडे कोरडी. दोन आजी पॉझिटिव्ह निघाल्या, अॅम्ब्युलन्स आली, नेल्या, परत आल्या नाहीत. तोंडपण कोणाला बघायला मिळालं नाही. त्या गाडीत चढताना एक आजी माझ्याकडे बघत होती, ते माझ्या मनातून जात नव्हतं.

आणि मग बाईंना ताप. बोटाला लावायच्या मशीनवरचा ऑक्सिजनचा आकडा खाली खाली चालला. सकाळी दहा-अकराची गोष्ट, मॅडमनी ठाण्याला एक बेड मिळवला, दवाखान्यावाले तासभर धरून ठेवतो बोलले. फोनवर डॉक्टर, दुसऱ्या फोनवर अजितदादा, तो स्वतः पॉझिटिव्ह, घरात कोंडलेला. डॉक्टर बोलले, नेलं तर कदाचित वाचतील, पण या वयात घशात नळी घालावी लागेल, श्वासाचं मशीन लागेल, सोबत कोणी नसणार, नाही नेलं तर इथेच ऑक्सिजन लावू, त्रास कमी करू, पण मग जास्त आशा धरू नका. अजितदादा रडत होता. बोलला, मी कोण ठरवणार, आईला विचारा, तिचं ती ठरवेल, मावशी, तुम्ही विचारा, तुम्हाला कळतं तिचं.

मी विचारलं. बाई, दवाखान्यात जायचं का, ठाण्याला. बाई बोलल्या, नको.

आता ऐका. त्यांच्या तोंडावर ऑक्सिजनचा मास्क. ओठ दिसत नव्हते. माझ्या अंगात तो प्लास्टिकचा ड्रेस, डोळ्यांवर चष्मा, त्यावर वाफ धरलेली. त्यांनी माझा हात धरला, पण त्या तर कधीपण धरायच्या. मास्क क्षणभर बाजूला केला असता तरी दिसलं असतं. नाही केला मी. डॉक्टर घाई करत होते हे खरं, पण खरं हेपण आहे की मला त्यांना त्या गाडीत चढवायचंच नव्हतं.

मी बोलली, नको म्हणतायत.

खोटं नाही ना बोलली. त्या नको म्हणाल्या, मी नको सांगितलं. पण इतके दिवस मी त्यांचा शब्द सांगतच नव्हती, अर्थ सांगायची, आणि सगळ्यांना वाटलं आजपण अर्थच सांगितला. अजितदादा बोलला, ठीक आहे, तिच्या मनासारखं होऊ दे. बेड सोडला.

तीन दिवस मी त्यांना सोडलं नाही. कूस बदलायची, अंग पुसायची, पाठ चोळायची. तिसऱ्या दिवशी दुपारी ओठ सुकलेले, मी मास्क उचलला, बोलली, बाई, पाणी देऊ, त्या बोलल्या, नको, आणि तोंड उघडलं. दोन चमचे प्यायल्या. मी चमचा तसाच हातात धरून उभी. तासाभरात त्या गेल्या. शांत गेल्या, माझा हात त्यांच्या हातात होता.

त्यांना त्या दिवशी दवाखान्यात जायचं असेल का हो. नसेलपण. डॉक्टर बोलले, नेलं असतं तरी फार फरक पडला नसता, पण डॉक्टर मला बरं वाटावं म्हणून बोलले असतील.

मी अजून तिथेच आहे. आता नवीन माणूस आलं की मॅडम आधीच बसून विचारतात, मशीन लावायचं का, न्यायचं का, लिहून सही घेतात, घरच्यांचीपण. मीच मागे लागली होती, बोलली, बोलता येतंय तोवर विचारा. का ते नाही सांगितलं. मुलगी नर्सिंगला आहे, तिलापण नाही. आज तुम्ही लिहून घेताय म्हणून तोंडातून निघालं.

अजितदादा अजून फोन करतो. दरवेळी तेच बोलतो, मावशी, तुम्ही होतात म्हणून आईच्या मनासारखं झालं, मला झोप लागते ती त्यामुळे. मी काय सांगू त्याला. मी बोलते, हो दादा, त्यांच्या मनासारखंच झालं. पोरगं चांगलं आहे, सुखात राहू दे त्याला, झोपू दे. तुम्ही नावं बदलून लिहा, गाव बदलून लिहा, त्याच्या हाती पडलं तरी त्याला ओळखू येता नये.