गुलाब एसीत, आम्ही चढावर

नाही, तुम्हीच सांगा, माणूस गाडी घेतो ती बसायला घेतो ना? का दर चढाला खाली उतरून तिच्या मागून चालायला घेतो? चालायचंच असतं तर चांगल्या चपला घेतल्या असत्या की हो, त्यांना निदान पेट्रोल लागत नाही! पण आमचा मेहुणा... मेहुणा म्हणजे आमच्या हिचा धाकटा भाऊ, स्वतःला गाड्यांतला तज्ज्ञ समजतो, का, तर गाड्यांच्या शोरूमशेजारच्या इमारतीत नोकरीला आहे... तर ह्या तज्ज्ञानं बॉनेटवर थाप मारली आणि म्हणाला, "भाऊजी, डोळे मिटून घ्या! छोटी गाडी, छोटं इंजिन, पेट्रोल पीत नाही, नुसतं हुंगते. कुठल्याही रस्त्यावर बिनधास्त!" आणि मी, चष्म्याच्या दुकानात उभा राहून दिवसभर लोकांना "डोळे नीट उघडा, खालची ओळ वाचा" सांगणारा माणूस, मी डोळे मिटून घेतली. शिसारी येते हो स्वतःची.

आता खोटं कशाला बोलू? गल्लीत राणी आहे ती. शाळेसमोर वीसची पाटी असते ना, तिथं तिचा थाट बघावा! दोन स्कूटरच्या मधल्या जागेत मावते, भाजीवाल्याला "जरा सरकता का" म्हणावं लागत नाही, वळवायला तर इतकी हलकी की मला वाटतं मी नुसती मान वळवली तरी वळेल. पण रस्ते काय गल्लीतच असतात का? गल्ली संपते हो! प्रत्येक गल्ली कुठेतरी संपते आणि तिथून पुढे माझी अब्रू जायला सुरुवात होते.

झालं काय, आमच्या सासऱ्यांना गुलाबांचं वेड. आयुष्यभर छापखान्यात प्रूफं तपासली, निवृत्त झाले आणि आता गुलाब तपासतात. भिंग घेऊन! "ही पाकळी जरा डावीकडे गेलीय," म्हणतात, जशी काही तिची वेलांटीच चुकली. दरवर्षी शेजारच्या शहरात गुलाबांचं मोठं प्रदर्शन भरतं, आणि तिथली अट अशी की परीक्षकांच्या टेबलावर फूल अर्धंच उमललेलं पाहिजे. कळी चालत नाही, पूर्ण फुललेलं चालत नाही. गेल्या वर्षी सासरे बसनं घेऊन गेले. उन्हाळा, बसमधली गर्दी, तापलेला पत्रा... पोचेपर्यंत फूल ताटासारखं सपाट उघडलेलं. परीक्षकांनी हातसुद्धा लावला नाही. घरी आले ते बोलेनातच. जेवायला वाढलं तर जेवायचे, पण बोलायचे नाहीत. मला वाईट वाटलं हो, मनापासून वाईट वाटलं. म्हातारा माणूस असा गप्प झालेला बघवत नाही.

तर यंदाचं फूल म्हणजे... मला गुलाबातलं काही कळत नाही, पण यंदाचं बघून मीसुद्धा गिऱ्हाईकाचे डोळे तपासताना करतो तसा आवाज खाली केला. हिनं मला बाजूला घेतलं. "अहो, बाबांना तुम्ही गाडीतून न्या. एसीत. फूल अर्धमिटलं पोचलं पाहिजे." मी म्हटलं, "तुझ्या भावाकडे ती हत्तीएवढी गाडी आहे की!" हो, हे सांगायचं राहिलंच! मला छोटी घ्यायला लावली आणि स्वतः दोन महिन्यांत मोठी घेतली! का रे बाबा? तर म्हणे, "भाऊजी, मला हायवेला जावं लागतं ना!" घ्या! तर ही म्हणाली, "त्याच्या सीटा नव्या आहेत, बादलीतलं पाणी सांडेल म्हणतो." मग तिनं माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "एवढं फूल वेळेवर पोचवा. मग विका ती गाडी. माझ्या भावानं पसंत केलेली आहे तरी मी हूं की चूं करणार नाही." विका म्हणाली! तुम्हाला सांगतो, मी त्या क्षणी बादलीत पाणी भरायला पळालो.

सकाळी निघालो. पुढे सासरे, मांडीवर बादली, बादलीत तो गुलाब. मागे ही आणि सासूबाई. अकराला टेबल बंद. एसी लावला, गारगार झालं, सासरे खूश, मी खूश... आणि लागला हायवे.

तुम्ही कधी ह्या छोट्या गाडीत हायवेला एसी लावून बसलाय का? अहो, पायाखालचं पेडल पार तळाला गेलंय, आता फक्त माझा पाय डांबराला टेकायचा बाकी आहे, आणि काटा कुठं? साठावर! एसी बंद केला तर सत्तर व्हायची, पण सत्तरला दारं थरथरतात, आरसा नाही-नाही म्हणतो, आणि सासरे ओरडतात, "पाकळी हलतेय, पाकळी!" शेजारून ट्रक गेला की आम्ही एका बाजूला, दुसरा गेला की दुसऱ्या बाजूला. मागचा हॉर्न वाजवतोय, त्याच्या मागचा वाजवतोय, अशी वरातच लागली. आणि पुढे उभा हवालदार. शिट्टी!

"काय हो, पाटी दिसत नाही का? कमीत कमी ऐंशी!"

"दिसते हो साहेब, चष्म्याच्या दुकानात काम करतो. पाटी दिसते, गाडी जात नाही."

"मग असल्या गाडीनं इकडे यायचं कशाला? सगळ्यांना अडवून ठेवलंय! घ्या खाली, सर्व्हिस रोडला घ्या!"

दंडाची पावती फाडली. कशाबद्दल? हळू चालवल्याबद्दल! आयुष्यात कधी ऐकलंय? मला लहानपणापासून सगळे सांगत आले, हळू जा, हळू जा... आणि हळू गेलो तर पावती! कुठल्याही रस्त्यावर बिनधास्त!

बरं, सर्व्हिस रोड. तिथं चाळीसची पाटी. म्हटलं, चला, हा आपला रस्ता. कसला आपला! दर शंभर पावलांवर स्पीडब्रेकर, आणि ते स्पीडब्रेकर कुणी बांधले देवाला ठाऊक, उंटाच्या पाठीसारखे! आमच्या गाडीचं पोट खाली. चौघं बसलेली. पहिल्यालाच खालून असा आवाज आला... खर्रर्रर्र... की मी तिथंच ब्रेक दाबला. मग काय? उतरा! सासूबाई उतरा, अगं तू उतर, मी गाडी हळूच पलीकडे नेतो, पुन्हा बसा. पुन्हा स्पीडब्रेकर, पुन्हा उतरा, पुन्हा बसा. सासरे सोडून. "फूल कोण धरणार?" म्हणतात. रस्त्याकडेची माणसं थांबून बघायला लागली. एका बाईनं सासूबाईंना विचारलं, "काही शोधताय का हो?"

आणि मग तो घाट. म्हणजे लोक घाट म्हणणारसुद्धा नाहीत, नुसता चढ, एखादी जाडी बाई बोलत बोलत चढून जाईल असा. आमच्या गाडीनं तो बघितला आणि तिचा आवाजच बसला. पहिला गिअर. पेडल तळाला. इंजिन कुंथतंय, काटा दहावर, आठवर... मी म्हटलं, "बाबा, एसी बंद करू?" सासरे असे बघायला लागले जसं काही मी गुलाबाच्या गळ्याला हात लावलाय! "जावईबापू, बाहेर काय ऊन आहे बघा. मग उघडलंच म्हणून समजा. गेल्या वर्षीसारखं."

गेल्या वर्षीसारखं म्हणाले ना, मग मी एसीच्या बटणावरचा हात काढला.

सासूबाई आपणहून उतरल्या. मग ही उतरली. तरी गाडी सरकेना! शेवटी सासऱ्यांकडे बघितलं. त्यांनी एक उसासा टाकला, बादली सीटवर ठेवली, तिला बेल्ट लावला, हो, बेल्ट, क्लिक आवाज आला की नाही हे दोनदा बघितलं, आणि उतरले. आता दृश्य काय, डोळ्यांसमोर आणा. एसी गाडीत मी आणि एक गुलाब. मागून भर उन्हात सासरे, बायको, ढकलतायत! शेजारून एक सायकलवाला गेला, त्यानं आत वाकून बघितलं, मला बघितलं, बादली बघितली, मागच्या म्हाताऱ्याला बघितलं आणि मला म्हणाला, "लाज वाटत नाही?" वाटते हो! पण ती कुणाकुणाला समजावून सांगू?

आणि सासूबाई? त्या ढकलायला नव्हत्याच. त्या चालत पुढे गेल्या होत्या. मी वर पोचलो तर मैलाच्या दगडावर बसलेल्या, पदरानं वारा घेतायत, तिथल्याच कुणा बाईशी गप्पा. "आलात का? बरं झालं," म्हणाल्या. सासूबाई चालत आल्या आणि गाडी नंतर पोचली! तुम्हीच सांगा, ह्याला गाडी म्हणायचं?

आता उतार. सगळी बसली. आणि उतारावर, काय सांगू, त्या गाडीच्या अंगात वारं शिरलं! सकाळपासून साठाला जाताना रडत होती ती आता नको नको म्हणताना पळायला लागली. चार माणसं, एक बादली, उतार, ब्रेक दाबतोय तर सासरे ओरडतात, "झटका नको! झटका नको!" म्हणून ब्रेक सोडतोय, तर ही ओरडते, "अहो, ब्रेक!" आणि चाळीसच्या पाटीपाशी खांबावरून लख्ख... फोटो! पुढे चौकात दुसरा हवालदार.

"एवढीशी गाडी, आणि एवढी घाई कसली हो तुम्हाला?"

सकाळची पावती हळू गेल्याची, ही पावती जोरात गेल्याची! एकच गाडी, एकच सकाळ, एकच मी! कुठल्याही रस्त्यावर बिनधास्त! मी स्टिअरिंगवर डोकं टेकलं. सासरे म्हणाले, "टेकू नका, हॉर्न वाजेल, फूल दचकेल."

पोचलो. अकराला टेबल बंद व्हायच्या बेतात. सासरे बादली घेऊन असे पळाले, त्या वयात, मी बघतच राहिलो. फाटकाशी मेहुणा उभा, आपल्या हत्तीला टेकून, बर्फाचं सरबत पीत. "काय भाऊजी, उशीर केलात? रस्ता तर मोकळा होता!"

मी हसून घेतलं. विकणार होतो ना मी गाडी. मनात म्हटलं, आजचा दिवस काय तो.

आणि तुम्हाला सांगतो... पहिला नंबर! सासऱ्यांच्या फुलाला पहिला नंबर! अर्धं उमललेलं, जसं घरून निघालं तसं. परीक्षक बाईंनी चष्मा काढून पुसला आणि पुन्हा बघितलं. सासऱ्यांचे डोळे भरले, ही रडली, सासूबाई रडल्या, खरं सांगू, मीही डोळे पुसले. मग सासऱ्यांना माईक दिला. म्हणाले, "हे बक्षीस माझ्या जावयाच्या गाडीचं आहे. मोठ्या गाडीत हादरे बसले असते. जोरात जाणाऱ्या गाडीत पाकळ्या सैल झाल्या असत्या. अशी शांत, सावकाश गाडी कुणाकडे नाही. जावईबापू, ही गाडी कधी विकू नका. पुढच्या वर्षी आपण हिच्यातूनच यायचं!" टाळ्या! मी हिच्याकडे बघितलं. ही हूं की चूं करणार नव्हती ना? नाही केलं. नुसती माझ्याकडे बघून हसली. आणि मेहुणा सगळ्यांत जोरात टाळ्या वाजवत होता.

आणि बक्षीस काय, ते विचारा ना! चांदीचा पेला? घड्याळ? छे! माशांचं खत! सडवलेल्या माशांचं, दोन भरलेली पोती! मेहुण्याला म्हटलं, "तुझ्या डिकीत टाक रे." नाकाला रुमाल लावून म्हणतो, "भाऊजी, सीटा नव्या आहेत हो."

तर पोती मागे, ही त्यांच्या शेजारी, पुढे मी आणि सासरे, सासूबाई आमच्या मध्ये कशाबशा. खिडक्या उघड्या, एसी बंद, तरी तो वास... तो वास वर्णन करता येत नाही, तो कपड्यांत राहतो. आणि लागला तोच चढ, आता परतीच्या बाजूनं, आणखी उभा. गाडी थांबली. सासरे म्हणाले, "पोती कशी उतरवणार? भिजली आहेत, फाटतील. माणसंच उतरवू." हिनं पोती धरून ठेवली. स्टिअरिंगवर सासरे स्वतः बसले, "मी अगदी हळू चालवतो," म्हणाले. मग उतरलं कोण? सासूबाई आणि गाडीचा मालक, मी!

आम्ही दोघं वर पोचलो, मैलाच्या दगडावर बसलो, गाडीचा पत्ता नाही. वास मात्र पोचला होता.